मऊ टायर

अंगणातल्या शहाबादी फरशीवर रुपयाचं नाणं पडलं. टण्ण करून त्यानं दोन गिरक्या घेतल्या आणि आडवं झालं. घरात तेव्हा चिडीचूप होतं. चेतनाच्या सासूबाई, भंवरीबाई, तोंडाला मुहपत्तीची पांढरी पट्टी बांधून सामायिकाला, म्हणजे रोजच्या ध्यानाला, बसल्या होत्या. तेवढी अठ्ठेचाळीस मिनिटं त्या कुणाशी बोलत नसत, आणि घरानंही बोलू नये असा न सांगितलेला नियम होता. त्यांनी डोळे उघडले नाहीत. भुवया तेवढ्या वर गेल्या.

चेतनानं तव्याखालचा गॅस बारीक केला, हात पदराला पुसले आणि बाहेर आली.

तिची नणंद खुशबू गाडीच्या पुढच्या चाकाशी उकिडवी बसली होती. शेजारी चेतनाची पाच वर्षांची पलक, अगदी तशीच, गुडघ्यांवर कोपरं टेकवून. खुशबूनं नाणं उचललं आणि पुन्हा टायरच्या खाचेत उभं करून पाहिलं. ते पुन्हा कलंडलं.

"बघ भाभी," ती हळू आवाजात म्हणाली, "रुपयाला धरायलासुद्धा नक्षी उरली नाही."

चेतनानं टायरकडे पाहिलं नाही. तिला आठ दिवसांपासून ठाऊक होतं.

आठ दिवसांपूर्वी अवसरीच्या रस्त्यावर पाटाचं पाणी आलं होतं. पुढं उसाची ट्रॉली, स्टेअरिंगवर चेतना, शेजारी खुशबू आणि मागं पलक. चेतनानं ब्रेक दाबला तर गाडी थांबेचना. ओल्या साबणासारखी सरकत गेली आणि ट्रॉलीपासून वीतभर अंतरावर उभी राहिली. उसाचा एक वाढा काचेला टेकला होता. घरी आल्यावर कुणी काही विचारायच्या आत खुशबूनं सांगून टाकलं होतं, मी चालवत होते, जरा घसरली, टायर बदलायला हवेत. त्यानंतर चेतनानं गाडीच्या किल्लीला हात लावला नव्हता. नवरा संयम आणि सासरे दिवसभर मंचरच्या पेठेतल्या दुकानात. गाडी म्हणजे पहिल्यापासून खुशबूचं खातं. चेतनाला चालवायला शिकवलं तेही तिनंच.

आणि आता एकवीस दिवसांनी खुशबू दीक्षा घेऊन जैन साध्वी होणार होती. त्यानंतर ती गाडीत बसणार नव्हती. गाडीत नाही, एसटीत नाही, आगगाडीत नाही. जिथं जायचं तिथं पायी, तेही अनवाणी, आयुष्यभर. नावसुद्धा बदलणार होतं.

तोवर मात्र तिला नुसतं हिंडायचं होतं. दीक्षा घेणाऱ्या मुलीला नातलग घरोघर जेवायला बोलावतात. आज घोडेगाव, उद्या नारायणगाव, परवा ओतूर. म्हणूनच सामायिक आटोपल्यावर भंवरीबाईंनी सुनेला आत बोलावलं. सासरे दलीचंद शेठ यांनी चार मध्यम टायरांपुरते पैसे सकाळीच काढून ठेवले होते. भंवरीबाईंनी त्यात स्वतःकडची एक नोटांची घडी सरकवली आणि बाहेर ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाल्या, "सगळ्यांत मऊ घे. माझ्या पोरीला या दिवसांत हिसका बसायला नको."

"घेते मम्मीजी," चेतना म्हणाली. तिनं हे सासूसाठी कबूल केलं असं नाही. वर्षभर ती बघत होती. खुशबूनं आधी गोड सोडलं, मग पंखा, मग मोबाइल. एकेक वस्तू हसत हसत चेतनाच्या खोलीत आणून ठेवायची, घे भाभी, वापर. चेतनाचं कपाट तिच्या ओढण्यांनी भरून गेलं होतं. तिनं एकदा, एकदाच, स्वतःसाठी काहीतरी घ्यावं, एवढंच चेतनाला हवं होतं. निदान एकवीस दिवसांपुरतं.

रत्नदीपचं टायरचं दुकान हायवेला लागून होतं. काउंटरवर बुद्धाची छोटी मूर्ती, तिच्यासमोर ताजी फुलं, आणि बाकी सगळीकडे रबराचा वास. तो शाळेत खुशबूच्या एक वर्ष पुढं होता. गाडी थांबल्याबरोबर त्यानं चारी चाकांवरून हात फिरवला, मागच्या एका टायरच्या पोटाला आलेला फुगा अंगठ्यानं दाबला आणि जीभ टाळ्याला लावून आवाज काढला.

"ह्याच्यावर फिरत व्हता तुमी? लई धाडस राव."

पलक त्या गुळगुळीत टायरवरून बोट फिरवत होती. नक्षी कुठं गेली, असं तिनं विचारलं.

"रस्त्यानं खाल्ली," रत्नदीप म्हणाला.

"रस्त्याला दात असतात?"

"असतात की. पण दिसत न्हाईत. रोज थोडं थोडं खातो."

पलकनं हायवेकडे जरा संशयानं पाहिलं आणि पाय उचलून खुर्चीवर घेतले.

मग त्यानं तीन टायर आणून ओळीनं उभे केले. पहिल्यावर थाप मारली. हा मऊ, गाडीत बसलेल्याला खड्डा कळणार न्हाई, आवाज नाय का काय नाय, पण महाग, आणि झिजतो लवकर. मधला सगळ्यांत स्वस्त आणि चिवट, पण ओल्या रस्त्यावर त्याच्या भरवशावर राहू नका. तिसऱ्याच्या खाचा रुंद आणि खोल होत्या. तो पाणी बाजूला टाकतो, रस्ता धरतो, पाच वर्षं बघायला नको, म्हणाला. फक्त जरा घरघरतो, अन् खड्डा असला की खड्डा हाय म्हणून सांगतो.

"हा मऊ द्या," चेतना लगेच म्हणाली. "चार."

खुशबू तोवर गुडघ्यावर बसून तिसऱ्या टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचत होती. टायर कुठल्या आठवड्यात, कुठल्या साली बनला ते त्यात असतं. तिनं बोट ठेवलं.

"हा दोन वर्षं पडून आहे. याच वर्षातला काढ."

रत्नदीप हसला. "ताई, तुमी अजून चांगल्याच संसारात आहात."

"एकवीस दिवस आहे."

तो हसायचा थांबला. ऐकलं ते खरं म्हणायचं तर, असं काहीसं पुटपुटला, आत गेला, नव्या तारखेचा टायर घेऊन आला. तो खाली ठेवताना म्हणाला, "आमच्यातबी धा दिवस चीवर घेत्यात, भिक्खूसारखं ऱ्हात्यात. मी घेतलं व्हतं. डोकं भादरलं, एक वेळ जेवलो, लई शांत वाटलं. अकराव्या दिवशी दुकान उघडलं."

"आमच्यात अकरावा दिवस नसतो," खुशबू म्हणाली.

हे ती अगदी साध्या आवाजात बोलली. रत्नदीपनं फडक्यानं टायर पुसला. पुसायची काही गरज नव्हती.

"बरं," तो शेवटी म्हणाला, "गाडी फिरती कुठं, अन् चालवणार कोण, तेवढं सांगा. त्याच्यावर हाय सगळं."

चेतनानं पलकची वेणी सारखी करायला घेतली. वेणी सारखीच होती.

"ही," खुशबू म्हणाली. "शाळा आणि बाजार. मम्मीचे गुडघे दाखवायला महिन्यातून दोनदा नारायणगाव. हिचं माहेर महाळुंगे पडवळला, म्हणजे राखीला, भाऊबीजेला तिकडं. पावसातसुद्धा. आणि ही ब्रेक उशिरा मारते."

"मम्मीजींनी मऊ सांगितलेत बाईसा," चेतना म्हणाली. चारचौघांत ती नणंदेला बाईसा म्हणायची. गाडीत दोघीच असल्या की खुशबू. "त्यांनी वेगळे पैसे दिलेत त्यासाठी. तुमच्यासाठी."

खुशबू उठली, गुडघ्यांची धूळ झटकली आणि तिच्याजवळ आली.

"मला एकवीस दिवस बसायचंय भाभी. तुला पाच वर्षं चालवायचंय."

चेतनाच्या हातातली वेणी सुटली. "निदान एक तरी गोष्ट स्वतःसाठी घ्या," ती म्हणाली.

"तेच तर घेतेय," खुशबू म्हणाली. मग रत्नदीपकडे वळून, "तिसरे. पाच द्या. स्टेपनीला पण तोच."

स्टेपनीला नवा कोण घालतंय, चाक बदलतंय तरी कोण, लोक फोन करत्यात, असं रत्नदीपनं हसून ऐकवलं.

"हिला येतं. जॅक कुठं लावायचा तेसुद्धा येतं. मी दोनदा करून घेतलंय."

पाचांचे पैसे देऊनसुद्धा भंवरीबाईंच्या घडीतली एक नोट उरली. चाकं चढवून झाल्यावर रत्नदीपनं बजावलं, नवीन कातडं हाय, पहिले शे-दीडशे किलोमीटर जपून. किल्ली त्यानं सवयीनं खुशबूपुढं धरली. तिनं ती घेतली नाही. दरवाजा उघडून शेजारच्या सीटवर जाऊन बसली आणि पट्टा लावला.

चेतना किल्ली हातात घेऊन क्षणभर उभी राहिली. मग दुसऱ्या बाजूनं आत बसली, कारण मागं पलक आधीच बसून पाय हलवत होती.

रस्ता तोच, अवसरीचा. पाटाचं पाणी अजून तसंच वाहत होतं, डांबरावरून चकाकत. ट्रॉली नव्हती. दोन्ही बाजूंना उभा ऊस आणि मध्ये ते पंधरा-वीस पावलांचं ओलं. चेतनानं वेग कमी केला.

"तीसनं ये," खुशबू म्हणाली. "मी सांगेन तेव्हा दाब. आणि ब्रेक म्हणजे झुरळ नाही, दिसलं की पाय आपटायला."

"झुरळावर पण आपटायचा नाही," मागून पलक म्हणाली.

"बघ, हिला कळतं."

चेतनाला हसू आलं, आणि हसता हसताच "आता" असं ऐकू आलं. तिनं दाबला. गाडीनं नाक खाली केलं, पाण्याचा एक फवारा बाजूला उडाला आणि टायरांनी रस्ता धरला. सरळ, जिथल्या तिथं. इंजिन चालू होतं. उसात कुठंतरी टिटवी ओरडत गेली.

"पुन्हा," खुशबू म्हणाली.

तीन वेळा झालं. चौथ्या वेळी ती काही बोललीच नाही. चेतनानं आपला आपण अंदाज घेऊन गाडी थांबवली. तेव्हा खुशबूनं सीटला पाठ टेकली आणि डोळे मिटले. एका खड्ड्यातून गाडी जाताना ती चांगलीच उसळली होती. तिनं कमरेवर हात दाबून धरला होता ते चेतनाला आत्ता दिसलं.

"हादरे बसतात ना यांचे?" चेतना म्हणाली. "मऊ घ्यायला हवे होते खुशबू."

"घरघरतात," खुशबू डोळे मिटूनच म्हणाली. "छान आहे आवाज. रस्त्यानं चालताना मागून ऐकला तरी कळेल तू आलीस ते."

गावाच्या अलीकडे, दीडेक किलोमीटरवर, तिनं गाडी थांबवायला सांगितली. गावातल्या जैन स्थानकात साध्वी महासतीजी उतरल्यात, इथून चालत जाते, सवय करायला हवी, म्हणाली. खाली उतरली, चपला काढल्या, त्या सीटखाली नीट जोडीनं ठेवल्या आणि खिडकीत वाकली.

"मम्मीला सांग, मऊ घेतले."

"खोटं बोलू?"

"मी बोलले होते की तुझ्यासाठी. आठ दिवसांपूर्वी." तिनं खिडकीच्या काठावर दोन बोटं आपटली. "आणि माझ्या मागं मागं हळू गाडी आणायची नाही. पुढं जायचं."

चेतनानं पहिला गिअर टाकला. गाडीत शेजारी कुणी नसताना ती आयुष्यात पहिल्यांदाच चालवत होती. तिनं आरसा नीट केला. आरशात रस्त्याच्या कडेनं खुशबू येत होती. खडी टाळत होती, मध्येच एक पाय उचलून तळवा झटकत होती, पुन्हा चालत होती. दुसऱ्या गिअरला ती मुठीएवढी झाली. तिसऱ्याला, वळणापाशी, उसाआड गेली. टायर एकसारखे घरघरत होते.

पलकनं दोन सीटांच्या मधून हात घालून आत्याच्या, तिच्या भुआच्या, चपला मागं ओढून घेतल्या होत्या. एक चप्पल उलटी करून मांडीवर ठेवली होती, आणि सकाळचा रुपया टाचेच्या खाचेत उभा करायचा प्रयत्न चालला होता. तो कलंडला. तिनं पुन्हा लावला. पुन्हा कलंडला.

"मम्मी," ती म्हणाली, "भुआचे पाय झिजले की मग काय घालायचं?"