हरकत

दिनांक १४ नोव्हेंबर १९९८, शनिवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. सामाईक बोळात उभ्या असलेल्या गाड्या : एक. असायला हव्या होत्या : शून्य.

गुणवंत रणदिवे यांनी मागच्या गॅरेजमधून फियाट बाहेर काढली आणि लगेच थांबवली. पुढे शेजारच्या बहलांची नवी पांढरी एस्टीम उभी होती. ती बहलांच्या भिंतीला लागून होती खरी, पण उरलेल्या जागेतून फियाट निघणे शक्य नव्हते. मागच्या व्हरांड्याच्या उतरणीवर त्यांच्या पत्नी अहिल्याबाई शाल पांघरून, चाकांच्या खुर्चीत तयार बसल्या होत्या. अर्धांगवायूनंतर दर शनिवारी त्यांना व्यायामासाठी करोल बागेतल्या डॉक्टरांकडे न्यावे लागे. पुढच्या दाराला पायऱ्या होत्या. म्हणून रणदिव्यांनी मागे ही उतरण बांधून घेतली होती. तिथे गाडी खुर्चीला चिकटवून लावली की अहिल्याबाई स्वतः, एका हाताने दाराचा आधार घेऊन, आत सरकत. रस्त्यावर, चार लोकांदेखत, उचलून गाडीत बसवले जाणे त्यांना नको होते. आजारपणात त्यांनी मागून घेतलेली एवढी एकच गोष्ट होती.

रणदिव्यांनी बहलांची घंटा वाजवली. साहेब फिरायला गेले आहेत आणि किल्ली त्यांच्याच खिशात आहे, असे नोकराने सांगितले. वरच्या खिडकीचा पडदा हलल्यासारखा वाटला.

"घरातच आहे तो," रणदिवे परत येऊन म्हणाले. "वरून बघतोय."

शेवटी टॅक्सी मागवून त्यांनी खुर्ची एस्टीमच्या बाजूने रस्त्याकडे ढकलत नेली. ढकलताना त्यांची नजर वरच्या खिडकीवर होती आणि तोंड चालू होते : आज गाडी लावली, उद्या फाटक लावील, परवा म्हणेल की हा बोळ पहिल्यापासून माझाच. अहिल्याबाई दोनदा म्हणाल्या, "हळू. थांबा जरा."

"आता थांबायचं नाही," रणदिवे म्हणाले. "आता हरकत घ्यायची."

रस्त्यावर टॅक्सीवाल्याने आणि त्यांनी मिळून अहिल्याबाईंना उचलले. समोरच्या बसथांब्यावरची माणसे बघत होती. अहिल्याबाईंनी शाल तोंडावर ओढून घेतली.

*

तो बोळ बहलांच्या येण्याआधीचा होता. रणदिवे आणि राजाभाऊ पेंढारकर केंद्र सरकारच्या एकाच खात्यात आरेखक होते. दोघांना नोएडात लागोपाठचे भूखंड मिळाले, तेव्हा दोघांनीही आपापल्या जागेतून साडेचार फूट सोडले आणि नऊ फुटांचा एक मार्ग केला. दोघांच्याही मंजूर नकाशांवर तो 'सामाईक मार्ग' असा दाखवलेला होता. घरी त्याला 'वहिवाट' म्हणत. रणदिव्यांची मुलगी नीला इकडे उत्तरेतच वाढलेली. शाळेत वह्या घेऊन त्या वाटेने जायचे, म्हणून ती 'वहीवाट', अशी तिची लहानपणी समजूत होती. तिची चूक कोणी दुरुस्त केली नाही. सगळ्यांना ते गोड वाटले होते.

राजाभाऊ गेले. त्यांच्या पत्नीने घर विकले आणि करोल बागेत मोटारींच्या सुट्या भागांचे दुकान असलेले बहल तिथे राहायला आले. बोलायला ते मोकळे होते, पहिल्याच होळीला करंज्यांसारख्या गुजिया घेऊन आले होते. पण रणदिव्यांचे लक्ष कुंड्यांवर होते. बहलांच्या भिंतीलगतच्या कुंड्या दर महिन्याला थोड्या पुढे सरकतात, असा त्यांचा कयास होता. झाडणारी बाई सरकवते, असे अहिल्याबाईंचे म्हणणे. तिला कोण सांगते, असा रणदिव्यांचा प्रश्न. बहलांनी गाडी धुतली की पाणी मुद्दाम या बाजूला सोडले जाते, आणि त्यांच्या घरी कोणी जाडजूड कागद घेऊन आले की तो वकीलच असतो, अशी त्यांची धारणा झाली होती. एस्टीम आडवी आली तो शनिवार आणि ती रात्र त्यांच्या तोंडी एकच शब्द होता. हरकत कोणाकडे नोंदवायची, कोणत्या भाषेत नोंदवायची, हरकतीसोबत नकाशा जोडायचा की नाही. त्यांचे हिंदी कार्यालयातल्या चहापुरतेच होते. कामकाज इंग्रजीत चाले आणि शेजार मराठी होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहल स्वतःच फाटकात उभे राहिले. चेहरा उतरलेला होता.

"रणदिवेजी, मेरी गाड़ी देखी आपने?"

"देखी. कल सुबह ही देखी."

"तो सच बताइए. ये हरकत आपकी है?"

ज्या शब्दाची जुळवाजुळव रणदिवे रात्रभर करत होते, तोच शब्द समोरच्याने आपणहून पुढे ठेवला होता. त्यांना बरे वाटले. ते ताठ उभे राहिले.

"जी हाँ. हरकत मेरी है. और आज की नहीं, पहले दिन से है."

बहलांनी विचारले, "मुँह पर कह रहे हैं?"

"मुँह पर ही कहूँगा. लिखकर भी दूँगा."

बहल परत गेले. रणदिवे आत येऊन अहिल्याबाईंना म्हणाले की माणूस वरमला. सरळ बोलले की असे लोक वरमतात.

*

पुढच्या रविवारी सेक्टरच्या रहिवासी संघाचे सचिव सहाय यांनी दोघांना बोलावले. दिल्लीच्या सासरहून नीलाही वडिलांबरोबर गेली. तिथे रणदिव्यांना प्रथमच कळले की तक्रार बोळाची नसून गाडीवरच्या ओरखड्याची आहे. एस्टीम बाहेरच उभी होती. दोन्ही दारांवरून एक लांब, सरळ ओरखडा गेला होता.

रणदिव्यांनी खिशातून मोजपट्टी काढली. बहल हसून कोणाला तरी म्हणाले की इंजिनिअरसाहेब आता गाडीचाही नकाशा काढणार. रणदिव्यांनी तिकडे लक्ष दिले नाही. जमिनीपासून ओरखड्यापर्यंत उंची त्यांनी दोन ठिकाणी मोजली : तेवीस इंच. फियाटचा बंपर याच्या खाली येतो, फाटकाची कडी याच्या वर येते, असे त्यांनी सहायांना समजावून सांगितले. तेवीस इंचांवर घासेल अशी वस्तू आपल्या घरात नाही, असे त्यांनी ठामपणे म्हटले.

"लेकिन इन्होंने खुद माना है," बहल म्हणाले. "मैंने पूछा, हरकत आपकी है? बोले, हाँ मेरी है, पहले दिन से है."

"मी आजही तेच म्हणतो," रणदिवे मराठीतच म्हणाले.

नीलाने कपाळाला हात लावला. तिला आधी हसू आले, मग ते गेले.

"बाबा, एक मिनिट. हरकत म्हणजे तुम्ही objection म्हणताय ना? हिंदीत हरकत म्हणजे खोडी. वाईट काम. ते विचारत होते, हे तुम्ही केलंत का. आणि तुम्ही बिल्कुल हो म्हणालात."

मग तिने तेच हिंदीत सगळ्यांना सांगितले. सहायांना मौज वाटली. ते बहलांकडे आशेने पाहू लागले. बहल हसले नाहीत.

"पंद्रह साल से ये यहाँ रहते हैं, बेटी," ते म्हणाले. "हफ़्ते भर बाद मतलब बदल गया?"

आणि रणदिव्यांनाही, आश्चर्य म्हणजे, मुलीचे पटले नाही. बहलांना शब्द नीट कळला होता, कबुली मिळवण्यासाठीच त्यांनी तो वापरला, असे ते परतताना म्हणाले. दुकानदार माणूस. शब्द तोलूनच टाकतो.

सहायांनी दोन मार्ग सुचवले होते. रणदिव्यांनी एका ओळीत खेद लिहून द्यावा. मग बहल बोळात कधीही गाडी लावणार नाहीत, याची हमी संघ घेईल. ते नको असेल तर दोघांनी आपापले साडेचार फूट सांभाळावेत आणि मधे भिंत घालावी.

त्या संध्याकाळी अहिल्याबाई म्हणाल्या, "लिहून द्या."

"न केलेलं?"

"केलं, न केलं राहू दे. एक ओळच आहे. मला गाडी दारात हवीय."

 रणदिवे म्हणाले की आज ओरखड्याचा खेद लिहून घेतील आणि उद्या त्याच सहीवर बोळ लिहून घेतील. त्यापेक्षा भिंत बरी. भिंत सरकत नाही.

अहिल्याबाईंनी मान दुसरीकडे वळवली. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. सहायांनी भिंतीबद्दल शेवटचे विचारले तेव्हा रणदिवे 'हरकत' हा शब्द टाळून, जपून, प्रत्येक अक्षर सुटे करत म्हणाले, "मुझे एतराज़ नहीं है."

*

जानेवारीत भिंत उभी राहिली. दोरी धरून मध्य रणदिव्यांनी स्वतः काढून दिला आणि बहलांनी तो न तपासता मान्य केला, याचाही त्यांना संशय आला. फियाट बाहेर काढून ठेवायला रस्त्यावर जागा नव्हती. ती गॅरेजमध्येच अडकली. तिच्यावर त्यांनी जुनी चादर घातली.

गिलाव्यावर अजून ओल होती, तेव्हाच्या शनिवारी धुके दाट होते. टॅक्सी रस्त्यावर उभी करून रणदिवे आत आले आणि अहिल्याबाईंची खुर्ची उतरणीवरून बोळात आणली. बसथांब्यावरच्यांना धुक्यात काही दिसणार नाही, असे ते म्हणाले.  अहिल्याबाईंनी शाल आधीच वर ओढली होती. खुर्चीचे एक चाक नेहमी बहलांच्या बाजूला ओढत असे. आज ते पुन्हा तिकडे गेले आणि काहीतरी खरखरत घासू लागले.

"थांबा," अहिल्याबाई म्हणाल्या.

या वेळी ते थांबले.

"त्या दिवशी असाच आवाज आला होता," शालीतून त्या म्हणाल्या. "तुम्ही बोलत होतात."

रणदिवे वाकले. खुर्चीच्या ब्रेकचा लोखंडी दांडा बाहेरच्या अंगाला वाकलेला होता. त्याच्या टोकाला ओला गिलावा लागला होता आणि नव्या भिंतीवर उतरणीपासून इथवर एक लांब, सरळ रेघ उमटली होती. पलीकडे, आपल्या घरापुढे, बहल गाडी सुरू करत होते. धुक्यामुळे इंजिनाचा आवाज अगदी जवळून येत होता.

रस्त्यावरून टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. रणदिव्यांनी खिशातून मोजपट्टी काढली, तिचे टोक जमिनीवर टेकवले आणि चष्मा पुसून वाचले.

तेवीस इंच.