हातून, मनातून नाही

मनोजनं आधी खिशातला मोबाईल काढून देवळीत ठेवला आणि मग दीपमालाच्या थोबाडीत मारली. ती मेथीच्या जुड्या बांधत फतकल मारून बसली होती, तशीच आडवी झाली. डोकं मेथीच्या ढिगावर पडलं म्हणून फुटलं नाही. त्यानं तिला केसांना धरून उठवलं, मनगट पिरगाळलं आणि पुन्हा मारली. कारण म्हणाल तर जुड्या बारीक झाल्या होत्या, एवढंच.

"गिऱ्हाईकाच्या शिव्या मी खातो ना बाजारात! तुले काय होते इथं बसून?"

माणिकबाई परसातून धावत आली. तिनं मागून लेकाच्या कमरेला दोन्ही हातांचा विळखा घातला, कपाळ त्याच्या पाठीला टेकवलं आणि त्याच्या पायात आपला पाय अडकवला. हा डाव तिच्या अंगवळणी पडलेला होता. नवऱ्याला, शेषरावला, ती अशीच आवरायची.

"बस राजा. झालं. सोड तिले. बस."

मनोज हळूहळू सैल पडला. कोपऱ्यात जाऊन त्यानं दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरले.

"माया हातून झालं आई. मनातून नाई."

"माईत हाय मले," माणिकबाई म्हणाली आणि पदराच्या टोकानं सुनेच्या ओठावरचं रक्त टिपू लागली. "मनावर नोको घेऊ, पोरी. त्याचा हात नाही तो. रोगाचा हात हाय."

दीपमालानं मान हलवली. तिची सहा वर्षांची प्रतीक्षा खाटेखाली कानांत बोटं घालून बसली होती. शेजारच्या मैनाबाईनं कुंपणावरून डोकं वर काढलं, "आला का वं झटका?" म्हणून विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता ती आपल्या कामाला गेली. वलगावातल्या त्या साऱ्या गल्लीनंच आता मनोजचं मारणं रोगाच्या खात्यावर टाकलं होतं.

आणि टाकायला लावलं होतं ते माणिकबाईनंच.

तिचं लग्न झालं तेव्हा शेषराव म्हणजे गरीब गाय होता. वांग्याच्या वाफ्यात मुंग्यांचं वारूळ लागलं तर पाण्याचा दांड वळसा घालून नेणारा माणूस. चाळिशी जवळ आली आणि त्याची बोटं आपोआप हलायला लागली. त्याच्याही आधी डोकं फिरायला लागलं होतं. एकदा त्यानं उकळता चहा पातेल्यासकट फेकला, त्याचा डाग माणिकबाईच्या मानेवर अजून आहे. एकदा विळा फेकला. पुढचे दोन दात त्यानंच पाडले. गाव म्हणालं, दारू. दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस, पण चालताना झोकांड्या खायचा. गावाला तेवढं पुरे होतं. मोझरीच्या आश्रमात प्रार्थनेला निघाला होता, तर वाटेत अनोळखी पोरांनी "पिऊन दर्शनाले येते साला" म्हणत त्याला लाथांनी तुडवलं. बरगडी मोडून घरी आला आणि त्याच संध्याकाळी त्यानं बायकोला मारलं. तेव्हा माणिकबाईनं बांधावर उभं राहून मोठ्यानं म्हटलं होतं, मर एकदाचा.

मग डॉक्टर प्राजक्ता आल्या. अकोल्याला त्यांचं संशोधन केंद्र होतं, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या मेंदूच्या रोगांची घरं शोधत त्या वऱ्हाडभर फिरत होत्या. ओसरीवर मांडी घालून बसल्या. शेषरावचं रक्त घेतलं, त्याच्या बापाची, आजाची चौकशी केली. त्यांनी समजावून सांगितलं की मेंदूतल्या पेशी हळूहळू मरत जातात. हा रोग रक्ताबरोबर खाली उतरतो. आईबापांपैकी एकाला असला तर लेकराला होण्याची शक्यता निम्मीनिम्म, नाणं उडवल्यासारखी. रोग थांबवणारं औषध अजून नाही, शोध चालू आहे. हातापायांची आपोआप होणारी हालचाल कमी करणाऱ्या गोळ्या मात्र आहेत.

"अन् मारते ते?" माणिकबाईनं विचारलं होतं.

"तेही बरंचसं रोगामुळेच. हात हलणं नंतर येतं, चिडचिड आधी सुरू होते. त्यांच्या हातून होतं ते, आई. मनातून नाही."

त्या एका वाक्यावर माणिकबाई पुढं तगली. मारणारा तिचा नवरा नव्हताच, हे कळल्यावर तिला तिचा नवरा परत मिळाला. शेवटी शेवटी ती त्याला लहान मुलासारखं कुशीत घेऊन भरवायची. घास अडकूनच तो गेला, तेव्हा ज्या बाईनं त्याला मर म्हटलं होतं ती तीन दिवस जेवली नाही.

त्याला वर्ष होतंय न होतंय तोच मनोजनं दीपमालावर पहिल्यांदा हात टाकला. माणिकबाई धसकली, पण सून मार खाते म्हणून नव्हे. तिच्या मनात एकच आलं, बापाचं दुखणं उतरलं. दीपमालाचा भाऊ ललित मोटारसायकल घेऊन बहिणीला न्यायला आला, तर माणिकबाईनं भर अंगणात त्याचे पाय धरले. "बापू, त्याले त्याच्या बापाचा रोग हाय. रोगी माणसाले टाकून नेशीन काय? मी नाही टाकला." आईच्या वयाच्या बाईनं पाय धरल्यावर तो बिचारा काय करणार? ओशाळून उभा राहिला. दीपमालानं स्वतःच पिशवीतली लुगडी परत पेटीत ठेवली.

तपासणी मात्र झालीच नव्हती. मनोज टाळत होता आणि प्राजक्ताबाई म्हणायच्या, जबरदस्ती नाही, ज्याला जाणून घ्यायचं त्यानंच यावं. शेवटी दीपमालाच हट्टाला पेटली. "माया पोट्टीचं काय होणार हाय ते मले कळू द्या," म्हणून. मनोजनं रक्त दिलं, आणि मेथीच्या त्या भांडणानंतर चार दिवसांनी अकोल्याहून बोलावणं आलं. सोबत घरचं एक माणूस आणा, म्हणाले. दीपमालाचं मनगट सुजून टम्म झालं होतं आणि एसटीत तोंड दाखवावं असं तोंडही राहिलं नव्हतं. माणिकबाई गेली.

गोरक्षण रोडवरच्या भाड्याच्या बंगल्यात केंद्र होतं. प्राजक्ताबाईंनी दार लावून घेतलं, दोघांना पाणी दिलं आणि उगाच लांबण न लावता म्हणाल्या, "मनोज, तुमच्यात तो दोष नाही. तुम्हाला हा रोग होणार नाही."

मनोजनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो हुंदके देऊन रडला. त्याच्या पाठीवर हात ठेवायला माणिकबाईचा हात उठला आणि वाटेतच थांबला.

"त्याले सुरू झाला हाय ना, बाई," ती म्हणाली. "होणार नाही कसा?"

"काय सुरू झालंय?"

"तेच. चिडचिड. मारणं. सारं बापासारखं."

प्राजक्ताबाईंनी मनोजकडं पाहिलं. तो डोळे पुसण्यात गुंतला होता.

"ते या रोगाचं नाही, आई," त्या सावकाश म्हणाल्या. "नमुना दोनदा तपासलाय."

"अजून एक डाव पाहा ना."

आणि हे म्हणता म्हणता माणिकबाईला स्वतःचीच लाज वाटली. जगात कोणती आई डॉक्टरांपुढं हात जोडून लेकासाठी रोग मागते? ती मागत होती. रोग असला तर लेक तिचा होता. नसला तर अंगणात लोकांचे पाय धरून तिनं आजवर कोणाला वाचवलं?

"त्याला नाही म्हणजे त्याच्या मुलीलाही त्याच्याकडून येणार नाही," प्राजक्ताबाई म्हणाल्या. "नात सुटली तुमची."

माणिकबाईचे हात खाली आले. आता तर मागायचीही सोय उरली नाही.

बाई मग मनोजला सांगत राहिल्या की ज्यांना रोग नाही त्यांचंही रक्त संशोधनाला लागतं, कोणाला लवकर आणि कोणाला उशिरा का होतो हे त्यातूनच शोधता येईल. घरातल्या मारहाणीबद्दल दीपमालाशी वेगळं बोलायचंय, तिला घेऊन या, असंही त्या दोनदा म्हणाल्या. मनोज हो हो म्हणाला. बाहेर पडल्याबरोबर त्यानं उसाच्या रसाचे दोन ग्लास लागोपाठ रिचवले.

एसटी मूर्तिजापूर सोडून पुढं आली तरी माणिकबाईच्या डोळ्यांपुढं शेषरावचे हातच होते. शेषरावचा हात कुठं जाईल ते शेषरावलाही ठाऊक नसायचं. भिंतीवर आपटून त्यानं स्वतःची बोटं मोडून घेतली होती; रागाच्या भरात नवा रेडिओ फोडून मग त्यासाठीच रडला होता. मनोजनं मारताना आजवर स्वतःचं नखही मोडून घेतलं नव्हतं. काचेचा मोबाईल आधी देवळीत ठेवणारा रोग कुठं असतो? हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं, एकदा नाही, प्रत्येक वेळी पाहिलं होतं, आणि डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं.

"आई," मनोज खिडकीबाहेर बघत म्हणाला, "घरी इतक्यात काही सांगू नोको."

"कावून?"

"रिपोर्ट यायचा हाय म्हणजो."

"पण कावून?"

"डोक्यावर बसन दीपमाला. मंग तिचा भाऊ हाय, गाव हाय. तुले समजत नाही त्यातलं."

समजलं तिला. इतकं समजलं की बसच्या दांडीला धरलेला तिचा हात बडनेऱ्यापर्यंत सुटला नाही.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. दीपमाला उंबऱ्यातच उभी होती. मनगटाला जुन्या लुगड्याची चिंधी, ओठावर खपली. "काय म्हणे डॉक्टरीणबाई?"

मनोज खाटेवर बसला, मान खाली घातली, मोठा सुस्कारा सोडला. मग त्याचा उजवा हात मांडीवर थरथरू लागला. बोटं एकेक करून उचलली जात होती, पडत होती. माणिकबाई बघतच राहिली. शेषरावची बोटं अश्शीच नाचायची. पोरानं बापाचं दुखणं पाठ करून ठेवलं होतं.

दीपमालाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ती त्याच्या पायाशी बसली आणि आपल्या सुजल्या हातानं तिनं त्याचा हात घट्ट धरला.

"घाबरू नोका," ती म्हणाली. "आईनं नाही केलं सारं? मीबी करीन. तुमी मारलं तरी करीन."

"नाही त्याले रोग," माणिकबाई म्हणाली.

बोटं थांबली.

"काहीच नाही. प्रतीक्षालेबी नाही. डॉक्टरीणबाईनं दोनदा तपासलं."

दीपमालाला आधी ऐकू आलं ते लेकीचंच. बाप आल्याबरोबर खाटेखाली शिरलेल्या प्रतीक्षाला तिनं ओढून काढलं, तिचे गाल, कपाळ, हात, जे हाती लागेल त्याचे मुके घेतले, हसली, रडली, देवाला हात जोडले. मग हसू हळूहळू उतरत गेलं. ती आपल्या मनगटाकडं बघायला लागली, आणि मनगटावरून नवऱ्याच्या हाताकडं.

मनोज उठला. "सांगितलं होतं ना तुले!" म्हणत त्यानं आईला दंडाला धरून भिरकावलं. माणिकबाईचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं, कानामागून ऊबदार ओघळ आला. आईवर त्यानं कधी हात टाकला नव्हता. दीपमाला किंचाळली तशी त्यानं तिच्याही पोटात लाथ घातली. आणि मग, आवाज गल्लीत जाऊ नये म्हणून, वळून दार लोटलं.

पण माणिकबाई दारापाशीच पडली होती. चौकट धरून ती उठली. तिनं दार ओढून सताड उघडलं, उंबऱ्यात उभी राहिली आणि लग्नाचं आवतण द्यावं तशा मोठ्या आवाजात ओरडली,

"ओ मैनाबाई! ऐकलं काय वं? आमच्या मनोजले रोग नाही! अकोल्याचा रिपोर्ट आला. काहीच नाही म्हणे त्याले! चांगला धडधाकट हाय!"

गल्लीत दारं उघडली. मैनाबाई पिठाच्या हातांनीच धावत आली. "बाई बाई बाई! देव पावला वं माणिकबाई! अकोल्याहून पेढे आणले का नाही?" म्हणत ती पायरीपर्यंत पोचली. तिनं माणिकबाईच्या कानामागचं रक्त पाहिलं. मग तिच्या खांद्यावरून आत, पोट धरून भिंतीशी बसलेली दीपमाला पाहिली. तिच्या मागे आणखी चारपाच जणं येऊन उभी राहिली होती, त्यांनीही पाहिलं.

"रोग नाही?" मैनाबाईनं विचारलं. तिचा आवाज खाली आला होता. "मंग हे काय होय?"

मागून दीपमाला भिंतीचा आधार घेत उठली, तिनं प्रतीक्षाला कडेवर घेतलं आणि ती सासूच्या चौकटीला धरलेल्या हाताखालून वाकून बाहेर आली.

"मैनाकाकू, तुमचा फोन द्या बरं," ती म्हणाली. "माया भावाले लावा लागते."

मनोज तिच्या मागे धावला आणि उंबऱ्याशी अडला.

"आई, सरक," तो म्हणाला.

माणिकबाईनं दोन्ही हातांनी चौकट धरली होती. त्यानं तिच्या पाठीत गुडघा मारला, बोटं सोडवायला लागला.

"आई, सरक म्हणतो ना!"

ती सरकली नाही.