कोटातले अप्पा

वर्षाराणी मॅडमनी वेब पेज शिकवायला सुरुवात केली त्याच आठवड्यात माझे वडील गेले. त्यामुळे माझे पहिले तास बुडाले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

अप्पा शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत कामाला होते. वाळूचे साचे करायचे आणि त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. त्या दिवशी जेवायच्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला, छातीत कळ आली आणि बसल्या जागीच गेले. आम्ही लिंगायत, आमच्यात पुरतात, तेही बसवून. कपाळाला विभूती लावलेले अप्पा खड्ड्यात मांडी घालून बसले होते, आणि वरून मल्लेशकाका मला म्हणाले, "बघून घे बाई, शेवटचं." मी बघितलं. मला काही वाटलं नाही.

मंगळवार पेठेतल्या बायका भेटायला यायच्या, माझ्याकडे निरखून बघायच्या आणि अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, हळूच विचारायच्या, "पोरगी रडली का न्हाय?" जसं काही युनिव्हर्सिटीनं तोही पेपर लावला होता. मी त्यांना चहा करून द्यायचे, कपबशा विसळायचे. थोरली मुलगी म्हणून आल्यागेल्यापाशी बसायचं काम माझ्याकडं होतं. कॉलेजला जायचा प्रश्नच नव्हता.

त्यातच एक विचित्र प्रकार झाला. अप्पांचा चेहरा मला आठवेना. हात आठवायचे, हातावरचे भाजल्याचे पांढरे डाग आठवायचे, जिन्यातला चपलांचा आवाज तर रोज संध्याकाळी ऐकू यायचा. चेहऱ्याच्या जागी मात्र काहीच नाही. जन्मापासून रोज बघितलेला माणूस, आणि त्याचं नाक कसं होतं ते मला सांगता येईना. एरवी मी घाबरले असते. पण तेव्हा मला घाबरायलाही येत नव्हतं.

घरात त्यांचा एकच फोटो होता. फोटो काढायचं म्हटलं की अप्पा लघवीला निघून जायचे. मुरगूडला आत्याच्या लग्नात ते एकदाच सापडले, तेही माझ्यामुळं. मी तेव्हा पहिली-दुसरीत असेन. खुर्चीवर उभी राहून मी मागून त्यांच्या गळ्यात हात टाकलेत, माझी बोटं त्यांच्या कानाखाली रुतलीत, बुशशर्टचं वरचं बटण तुटलंय, आणि ते सुटायची धडपड करत हसतायत. एवढाच फोटो.

कॉलेजला परत गेले तेव्हा वर्ग बराच पुढं गेला होता. बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला कॉम्प्युटरचा पेपर नवीनच आला होता आणि सगळ्यांना त्याचं कोण अप्रूप. चपला बाहेर काढून लॅबमध्ये जायचं, मशीनवरची कापडी टोपी काढून घडी घालायची, नोटपॅडमध्ये टॅगच्या खुणा टाइप करायच्या आणि मग पेज उघडून बघायचं. 'माझं कुटुंब' या विषयावर प्रत्येकानं एक पेज करायचं होतं. पोरांनी नुसता धुमाकूळ घातला होता. पिवळ्याजर्द रंगावर लाल अक्षरं, त्यात ती अक्षरं पडद्यावरून सरकत जाणारी. पृथ्वीराज नावाच्या एका पोरानं घरच्या सगळ्या म्हशींची नावं सरकवली होती आणि आईबापाचं लिहायचं विसरला होता.

मॅडम माझ्याशी फार जपून बोलल्या. सगळेच तेव्हा माझ्याशी असं बोलायचे, जशी मी काचेची बरणीच. "सौंदर्या, तुला जमेल तेवढं कर," त्या म्हणाल्या. "एक फोटो मात्र पाहिजे हं पेजवर."

मी मुरगूडचा फोटो नेला. लॅबमध्ये जोतीराम नावाचा असिस्टंट होता, स्कॅनरची चावी त्याच्याकडं. त्यानं फोटो काचेवर पालथा ठेवला, झाकण लावलं. पडद्यावर फोटो वरून खाली हळूहळू उतरायला लागला. आधी मांडवाचं कापड आलं. मग माझं डोकं, दोन वेण्या. मग अप्पांचे केस, कपाळ, भुवया, डोळे, नाक. मी मनात म्हणाले, हां, असं होतं. रडू नाही आलं. पण कितीतरी दिवसांनी मला बरं वाटलं, आणि कुणी उठवेपर्यंत मी तिथून हलले नाही.

"मोठा झालाय फोटो, फ्लॉपीत मावायचा न्हाय," जोतीराम म्हणाला. "ऱ्हाऊ दे हितंच मशीनवर."

मी मान डोलावली. शेजारच्या मुलीनं फोटो पेजवर आणायची खूण सांगितली, ती मी टाइप केली आणि माझ्या पेजवर अप्पा आले. पेज फ्लॉपीवर घेतलं. अल्बममध्ये फोटो चिकटवला की तो अल्बमबरोबर घरी येतो, तसंच मी धरून चालले. स्कॅनर जोडलेलं ते खिडकीजवळचं मशीन मग माझंच झालं. प्रत्येक प्रॅक्टिकलला मी तिथंच बसायचे, फ्लॉपी घालायचे, ती घरघर करायची, आणि अप्पा दिसायचे.

इकडं घरी भिंतीवर फोटो नाही म्हणून आलेला प्रत्येक जण विचारायला लागला होता. मल्लेशकाका एक दिवस आले आणि मुरगूडचा फोटो घेऊन गेले. परत आले ते कागदात गुंडाळलेली भलीमोठी फ्रेम घेऊन. मी कागद सोडला. आत अप्पा होते. काळा कोट, लाल टाय, मागं निळा पडदा. चेहऱ्यावर ब्रशनं गोरेपण फिरवलेलं, मिशा बूट पॉलिश केल्यासारख्या.

"आणि आपला फोटो कुठाय?" मी विचारलं.

"कापला की. तोंड कापून कोटावर चिकटवायचं, मग त्येचा फोटो काढायचा. सगळ्यांचं आसंच करत्यात."

"अप्पांनी कधी कोट घातलाय व्हय काका?"

"आगं, पावणं येत्यात, जात्यात. बरं दिसाय नगो?"

मला इतका संताप आला की फ्रेम खाली आपटावीशी वाटली. माणूस गेला तेव्हा मी गप्प, आणि भडकले ती कोटावरून. अव्वानं फ्रेम टीव्हीच्या वर लावली आणि दर सोमवारी काचेवर विभूती लावायला लागली. मी माझी बसायची जागा बदलली. स्वयंपाकघराकडं तोंड करून जेवायचे, टीव्ही बघायचं सोडून दिलं. त्या कोटवाल्याकडं मी पुन्हा मान वर करून बघितलं नाही. माझं काय अडलं होतं? माझ्याकडं अख्खे अप्पा होते, तुटक्या बटणाचे, माझ्या फ्लॉपीत.

वर्गातली पोरं टेबल आणि लिंक शिकली. मी तेवढ्यापुरतं शिकले, पण पेज माझं तेच राहिलं. "सौंदर्या, किती दिवस तेच बघणार?" मॅडमनी एकदा विचारलं. मग शेजारी बसून त्यांनी एक गोष्ट शिकवली. कधी फोटो दिसलाच नाही तर त्याच्या जागी काय दिसावं, तेही आपणच लिहून ठेवायचं असतं. मी इंग्रजी अक्षरांत 'अप्पा' लिहिलं. न दिसायला काय झालंय, असंच मनात होतं.

मार्चमध्ये युनिव्हर्सिटीची प्रॅक्टिकल आली. बाहेरून सांगलीचे परीक्षक आले होते, चष्म्याला दोरी लावलेले. बसायचं नंबराप्रमाणं. मला दाराजवळचं मशीन आलं. केलेलं पेज दाखवायचं, त्यात ते सांगतील तो बदल करायचा, दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची. अवघड काहीच नव्हतं. मी फ्लॉपी घातली, ती घरघरली, पेज उघडलं.

पिवळा रंग आला. वरचं नाव आलं. आणि खाली एक रिकामा चौकोन, त्याच्या कोपऱ्यात बारकी लाल फुली, फुलीच्या शेजारी 'अप्पा'.

मी पेज बंद करून पुन्हा उघडलं. फ्लॉपी काढली, ओढणीला पुसली, पुन्हा घातली. तीच फुली. परीक्षक कधी मागं येऊन उभे राहिले ते कळलंच नाही.

"इथं काय होतं?"

"वडील."

"मग का दिसत नाहीत?"

"माहीत नाही सर."

त्यांनी वाकून मी टाइप केलेल्या ओळी वाचल्या. चांगला माणूस होता, ओरडला नाही. "बाळ, फोटो पेजमध्ये कधीच नसतो," ते म्हणाले. "फोटो कुठं ठेवलाय, एवढंच पेज सांगतं. तू सांगितलंयस, या मशीनच्या या फोल्डरमध्ये. पण तो या मशीनवर नाहीच. दुसऱ्या कुठल्या मशीनवर केलंस का?"

मी खिडकीकडं बघितलं. तिथं एक पोरगा घाम पुसत बसला होता. दाराशी जोतीराम उभा होता. परीक्षा चालू आहे हे विसरून मी त्याला मोठ्यांदा विचारलं, "त्या मशीनवर माझा फोटो हाय न्हवं?"

"आता कुठला? परवाच सगळी मशीनं फॉरमॅट मारली," तो म्हणाला. "परीक्षेच्या आधी मारायलाच लागत्यात. न्हाईतर पोरं आधीच पेपर करून ठेवत्यात की."

"आरं, फोटो होता त्यात."

"आपलं आपलं काढून घ्या म्हणून सगळ्यांना सांगितलतं. पहिल्याच आठवड्यात सांगितलतं."

पहिल्या आठवड्यात मी कपबशा विसळत होते. जोतीरामचं काही चुकलं नव्हतं. मॅडमचं नाही, परीक्षकांचं नाही. कुणावर तरी खेकसायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. परीक्षकांनी पेजचा रंग बदलायला सांगितला, मी पांढरा केला. "खुणा बरोबर आहेत तुझ्या," ते म्हणाले आणि त्यांनी मला पास केलं. मी मशीनवर टोपी घातली, चपला घातल्या आणि घरी आले. वाटेत डोळे मिटून बघितलं. चेहरा पुन्हा गेला होता.

अव्वा भाकरी थापत होती. मी दारातच सांगितलं, "अप्पांचा फोटो गेला."

"कुठं गेला? भिंतीवर हाय की."

"त्यो न्हवं. खरा फोटो. कॉलेजात होता, पुसला. आता कुठंच न्हाय." आणि मग मी सुटलेच. "काकांनी कापला म्हणून हे झालं! कुणी सांगितलतं त्यांना कोट घालायला? सोंग केलंय अप्पांचं!"

अव्वानं हातातली भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "मल्लेशनं न्हाय," ती म्हणाली. "मी सांगितलं. त्येच्यासंगं मी सोता गेलतो स्टुडिओत."

मी चपला काढून आत आले.

"लग्नात ह्यांनी कोट मागितलता. माझ्या बाबांनी दिला न्हाय. वाळूत हात घालणाऱ्याला कोट कशाला, म्हणालं, सगळ्या मांडवासमोर. हे हसलं नुसतं. पण पुढं कुणाच्याबी लग्नाला गेलं तरी आधी नवऱ्याचा कोट बघायचं. पोरीच्या लग्नात शिवतो म्हणायचं." तिनं भाकरी उलटली. "मग मी घातला. काय चुकलं?"

माझ्या डोक्यात इतके दिवस कोट म्हणजे पाहुण्यांसाठी केलेला खोटेपणा होता.

"तू अजून नीट बघितलाच न्हाईस व्हय त्यो फोटो?"

मी मान हलवली. अव्वा उठली. पिठाचे हात लुगड्याला पुसून तिनं फ्रेम खाली काढली, काचेवरची विभूती पदरानं साफ केली आणि फ्रेम माझ्या मांडीवर ठेवली. पळायला जागा नव्हती. मी बघितलं. गोरेपणाच्या खाली तेच नाक होतं. भुवया त्याच, आणि कुणाच्या तरी हातून सुटायची धडपड करत असल्यासारखं तेच अर्धवट हसू. कोट घालून, टाय लावून अप्पा कशाला हसतायत ते त्या फोटोवरून कुणाला कळलं नसतं.

"हितं बघ," अव्वा म्हणाली आणि तिनं काचेवर बोट ठेवलं.

कॉलरच्या वर, कानाखाली, काहीतरी चिकटल्यासारखं दिसत होतं. मी फ्रेम उजेडाकडं धरली. बोटं होती. बारकी बारकी, गळ्यात रुतलेली. पुढं हात नाही, पोरगी नाही, नुसती बोटं.

"कापताना गळ्यासंगं आली. स्टुडिओवाला ब्रशनं पुसणार हुता," अव्वा म्हणाली. "म्हटलं, ऱ्हाऊ देत. माझ्या पोरीची हाईत."

मी माझी बोटं काचेवर त्या बोटांवर ठेवली. आता ती मावत नव्हती. अप्पांचा गळा कसा गरम असायचा, दाढीचे खुंट कसे टोचायचे, ते मला आठवलं, आणि मग मला रडू आलं. खोकल्यासारखं, थांबता थांबेना असं. अव्वा माझ्या शेजारी टेकून बसली आणि तीही रडायला लागली. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास घरभर झाला, तरी आम्ही दोघी उठलो नाही.