दिसत तर काही नाही

यशवंतरावांनी दुर्बिणीला डोळा लावला. दुसरा डोळा मिटायला जमेना, म्हणून तो हाताने झाकला आणि थोडा वेळ तसेच वाकून राहिले. मग सरळ होत धोतराचा सोगा झटकून म्हणाले, "दिसत तर काही नाही."

"तारे नाही दिसून राहिले?" शकुंतलाने विचारलं.

"तारे दिसते ना. बारके बारके. तारे तर असेही दिसते, मॅडम. त्याच्यासाठी रोज अंधारात छतावर कोन बसते?"

यशवंतराव तिचे घरमालक. पांढुर्ण्यात त्यांची कापसाची अडत होती आणि शकुंतला ज्या मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची, त्या शाळेच्या समितीचे ते सचिव होते. त्यांच्या मागे प्राचार्य मोरेश्वर सर उभे होते, आपण इथे आलोच नाही अशा चेहऱ्याने. जिन्याच्या तोंडाशी तिचा धाकटा भाऊ दिलीप होता. त्याला घरून, सौंसरहून, मुद्दाम निरोप धाडून बोलावलं होतं. बाई अडतीस वर्षांची, दहा-अकरा वर्षं नोकरी करणारी, आणि तिच्याविरुद्धची तक्रार सांगायला बोलावलं कोणाला, तर तिने पाटीवर अक्षर गिरवायला शिकवलेल्या भावाला. तिघं जिना चढून आले तेव्हापासून तिच्या डोक्यात हेच घुमत होतं.

तक्रार अशी होती. एप्रिल लागला की पांढुर्ण्यात सगळ्यांच्या खाटा छतावर जातात. सुना, लेकी, म्हातारे, सगळेच छतावर. अशात ही एकटी राहणारी बाई रोज जेवणं आटोपायच्या वेळी वर येते, एक पत्र्याचं नळकांडं उभं करते आणि थोड्या थोड्या वेळाने लाल दिवा लावते, विझवते. कोणाला तरी इशारा करते. आधी आजूबाजूच्या बायका बोलल्या, मग अडतीवर बोलणं झालं, मग शाळेच्या समितीत.

लाल दिवा म्हणजे टॉर्च होता. त्याच्या काचेवर तिने लाल जिलेटिनचा कागद बांधला होता, कारण पांढऱ्या उजेडाने डोळे दिपतात आणि मग मंद तारा नीट जोखता येत नाही. हे तिने सांगितलं. सप्तर्षीच्या पुढचा जो तारा ती रोज पाहते तो साध्या डोळ्यांना दिसत नाही, हेही सांगितलं. खरं तर तो एक तारा नाहीच. दोन तारे एकमेकांना इतके खेटून फिरतात की जगातल्या मोठ्यात मोठ्या दुर्बिणीतूनही ते वेगळे दिसायचे नाहीत. एक दुसऱ्याच्या आड गेला की उजेड कमी होतो, बाहेर आला की वाढतो. शेजारच्या स्थिर ताऱ्याशी ताडून तो उजेड पुनःपुन्हा लिहायचा. अशा बऱ्याच संध्याकाळच्या नोंदी एका कागदावर मांडल्या की एक वक्र रेघ तयार होते. तिचा प्रत्येक चढउतार काहीतरी सांगतो. तारे केवढे, किती जवळ, कोण जास्त तापलेला.

यशवंतरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग मोरेश्वर सरांकडे पाहून हसले.

"म्हणजे जे दिसत नाही ते मॅडम पाहून राहिल्या."

"तीन घंटे बसा इथं," शकुंतला म्हणाली. "मधून मधून डोळा लावा. मग दिसते."

"तीन घंटे? मले कामधंदा आहे."

शेजारच्या छतावर त्यांचा मुलगा वसंत खाटेवर पडून रेडिओ ऐकत होता. तो रोज तिथेच असायचा आणि चौफेर पाहायचा. त्याच्याविषयी कोणाची तक्रार नव्हती. शकुंतलाने त्याच्याकडे बोट केलं नाही. दिलीप हळूच म्हणाला, "ताई, झालं तेवढं पुरे. मी दुर्बीण सौंसरला घेऊन जातो."

"हात लावू नको," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, तरी तो मागे सरला.

निकाल तिथेच झाला. छतावर जाणं बंद करावं आणि रविवारी बैठकीत तसं लिहून द्यावं. तिघं उतरून गेले तोवर तारा मंदावायची वेळ टळून गेली होती. त्या संध्याकाळची एकही नोंद झाली नाही.

ही दुर्बीण तिने स्वतः केली होती. नागपूरला एम.एस्सी. करताना एका प्राध्यापकांनी त्यांच्या वर्गाला दुसऱ्या गावच्या वेधशाळेत नेलं होतं. तिथे कागदाच्या लांब पट्टीवर एक सुई हलत होती आणि ताऱ्याचा उजेड उतरत होता तशी खाली सरकत होती. बाकीच्या मुली कंटाळून बाहेर चहाला गेल्या, ही पट्टी संपेपर्यंत उभी राहिली. संशोधनासाठी प्राध्यापकांनी तिचं नाव पुढे केलं. घरी वडील म्हणाले, दिलीपचं शिक्षण होऊ दे, मग पाहू. दिलीपचं शिक्षण झालं, लग्न झालं, संत्र्याची नवी बाग लागली. मग पाहू म्हणणारे वडील राहिले नाहीत, आणि विचारणारंही कोणी राहिलं नाही. तेव्हा तिने काच मागवली आणि दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या ती घासून घासून आरसा केला. नळकांडं पांढुर्ण्याच्या टिनवाल्याकडून करून घेतलं. कोणाचं काही घेतलं नव्हतं, कोणाला काही मागितलं नव्हतं. आता लोकांना तेही खुपत होतं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वर गेली. मुद्दाम गेली.

दुर्बीण लावून होते तोच जिन्यात काठी वाजली. यशवंतरावांची आई, अंबाबाई, एकेक पायरी टेकत वर येत होती. लाल दिव्याची गोष्ट पहिल्यांदा हिच्याच तोंडून निघाली होती, हे शकुंतलाला भांडी घासणाऱ्या बाईकडून कळलं होतं. म्हातारी धापा टाकत आली, चहूकडे पाहिलं, पाण्याच्या टाकीच्या मागे डोकावली आणि कठड्याला पाठ लावून खाली बसली.

"मी बसून राहीन इथं," ती म्हणाली. "पाहाचं आहे मले, कोन येते तं."

"बसा," शकुंतला म्हणाली.

तिने पाणी विचारलं नाही. सतरंजी दिली नाही. आपलं काम सुरू केलं. डोळा लावायचा, ताडायचा, लाल उजेडात आकडा लिहायचा, टॉर्च विझवायचा. बऱ्याच वेळाने म्हातारी म्हणाली, "कोनीच तं नाही आलं."

"इकडे या. याच्यातून पाहा."

अंबाबाईला जवळचं दिसत नसे, पण दूरचं स्वच्छ दिसे. नळकांड्याला धरून ती वाकली. मधोमध दोन तारे आहेत, एक वर, एक खाली, त्यातला कोणता जास्त उजळ, एवढंच शकुंतलाने विचारलं. वरचा ताडून पाहायचा स्थिर तारा होता, खालचा तिचा. दोन्ही सारखेच आहेत, म्हातारी म्हणाली. शकुंतलाने तेही लिहून घेतलं, स्वतःच्या आकड्याशेजारी फुली करून. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, मग पुन्हा. आपण काय उत्तर धरून बसलोय ते तिने सांगितलं नाही. तिसऱ्या खेपेला अंबाबाईने डोळा काढला, पदराने पुसला आणि परत लावला.

"खालची चांदणी बारीक झाली वो," ती म्हणाली. "मघा तं भरली होती."

"नीट पाहा."

"नीटच पाहून राहिली. बारीक झाली. कोन झाकते तिले?"

"दुसरी. वरची नाही, तिच्याच अंगाला लागून फिरते ती. आता ती पुढे आली आहे."

त्यानंतर अंबाबाईला बोलवावं लागलं नाही, आपणच काठी टेकत येऊन वाकायची. तारा पुन्हा भरायला लागला तेव्हा शकुंतलाच्या आधी तिने सांगितलं. जाताना जिन्यात थांबून म्हणाली, "आमच्या छतावरून इतके दिवस नुसता दिवा दिसे मले." शकुंतलाने त्या रात्री प्रथमच तिला हात दिला आणि खालपर्यंत सोडून आली.

रविवारी यशवंतरावांच्या बैठकीत समितीचे लोक जमले. दिलीपही आला होता. माफीनामा शाळेच्या कागदांच्या रिवाजाप्रमाणे हिंदीतून टाइप करून तयार होता, फक्त सही हवी होती. आचरणाबद्दल खेद आहे आणि पुन्हा असं घडणार नाही, असा त्याचा मजकूर. शकुंतलाने तो वाचला आणि परत चौरंगावर ठेवला.

"तुमच्या आईला विचारा," ती यशवंतरावांना म्हणाली. "परवा त्या माझ्यासोबत वर बसल्या होत्या. कोणी आलं का ते त्यांना माहीत आहे. तारा कमी झालेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला."

बैठकीत कुजबुज झाली. यशवंतरावांचा चेहरा उतरला, मग ताठ झाला. त्यांनी आतल्या दाराकडे पाहून हाक मारली. अंबाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"आई, तू गेलती का यांच्या छतावर?"

म्हातारीने मुलाकडे पाहिलं, जमलेल्या माणसांकडे पाहिलं. शकुंतलाकडे पाहिलं नाही.

"मी कायले जाऊ वर," ती म्हणाली. "माह्ये गुडघे कुठं चालते."

कोणीतरी खाकरलं. दिलीप जमिनीकडे पाहू लागला. हे पुरुष काय करणार ते शकुंतला धरूनच होती. पण हिने तर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तिला वाटलं, उठावं, म्हातारीचा हात धरून तिला वर न्यावं आणि सगळ्यांसमोर विचारावं. ती उठली, पण दाराकडे गेली नाही.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली. "मी एका ताऱ्याकडे पाहून राहिली होती, आणि तुम्ही सगळे माझ्याकडे. खेद कोणाला व्हावा ते तुम्ही ठरवा."

तिची चप्पल कोणीतरी पायाने दूर लोटली होती. ती शोधून घालून ती बाहेर पडली.

नव्या सत्राच्या वेळापत्रकात तिचं नाव राहणार नाही, हे मोरेश्वर सरांनी घरी येऊन, बूट न काढता सांगितलं. माझा इलाज नव्हता, असंही म्हणाले. तिने त्यांना बसा म्हटलं नाही. खोली महिनाअखेर सोडायची होती. दिलीप ट्रॅक्टर घेऊन आला. सामान बांधताना दारात काठी वाजली.

"मले त्याच घरात राहाचं आहे, पोरी," अंबाबाई म्हणाली. "त्याच्याच हातचं पानी प्याचं आहे."

असू द्या, एवढं म्हटलं असतं तर म्हातारी सुखाने गेली असती. शकुंतलाच्या ते ओठांवर आलं नाही.

"हाव," तिने नुसता होकार दिला आणि गाठोड्याची गाठ आवळत राहिली. म्हातारी थोडी थांबली, मग गेली.

सौंसरच्या बागेतल्या मोटरघराचं छत सपाट होतं. तिथे दुर्बीण बसेल, पण तिथे माझ्यामागे कोणी चढायचं नाही, तूही नाही, असं तिने दिलीपला सांगितलं. त्याने मान हलवली. राहिलेल्या नोंदी तिने आभाळ भरून यायच्या आत, मे महिन्यात पुऱ्या केल्या.

मग एका दुपारी ती आलेखाचा कागद पसरून बसली. सगळ्या संध्याकाळचे ठिपके एकाखाली एक लावत गेली, तसा वक्र उमटू लागला. एक खोल दरी, एक जरा उथळ, मधे दोन गोल चढ. खोल दरीच्या उतारावर ठिपके विरळ होते. दरीचा तळ मिळाला होता तो एकाच संध्याकाळी, आणि तिथे तिच्या ठिपक्यांशेजारी म्हातारीच्या फुल्या होत्या.

तिने खोडरबर हातात घेतला. बैठकीतला तो आवाज कानात जसाच्या तसा होता. या फुल्यांचा हिशेब आता कोणाला द्यायचा, आणि जी बाई आलीच नव्हती तिने पाहिलं ते कसं धरायचं? तिने एकेक फुली पट्टी लावून तपासली. फुल्या बरोबर होत्या. एकसुद्धा रेघेबाहेर नव्हती, एक तर तिच्या स्वतःच्या ठिपक्यापेक्षा नेमकी पडली होती. त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

तिने खोडरबर ठेवून दिला. पेन्सिलीला टोक केलं आणि फुल्यांमधून रेघ ओढली. खाली निरीक्षकाचं नाव लिहायचं असतं, तिथे आपलं नाव लिहिलं. त्यापुढे स्वल्पविराम दिला, आणि पुढची जागा कोरी ठेवली.