लातूरचं पाणी महूला

लातूर जिल्हा झाला त्या वर्षी गावात कलेक्टर आले, लाल दिव्याची गाडी आली, कचेरीवर नवी पाटी आली, आणि पाऊस तेवढा यायचा राहिला. माणसं म्हणायची, त्याचीही बदली झाली असेल. पुढच्या उन्हाळ्यात सरजाबाईच्या गल्लीत एक नवीच रीत पडली. कुणाकडं पाहुणं जायचं तर हातात पाण्याची कळशी घेऊन जायचं. पूर्वी केळी न्यायचे, बिस्किटाचा पुडा न्यायचे. आता कळशी. दारातच "पाणी आणलंय" असं सांगितलं की घरवालीच्या तोंडावर हसू यायचं, आणि मग "या, बसा" व्हायचं.

त्याच उन्हाळ्यात सरजाबाईच्या लेकीचे, यशोधरेचे, दिवस भरत आले. पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारायचं काही नसतं. जावई साहेबराव महूला रेल्वेच्या इंजिन शेडात फिटर होता. कधी आणून सोडू, असं त्यानं विचारलं. सरजाबाईनं घरात नजर फिरवली. एक रांजण, दोन घागरी आणि टँकरची वाट. नवरा ग्यानोबा आडतीत पोती उचलायचा, संध्याकाळी घरी येऊन ओल्या फडक्यानं अंग पुसायचा आणि त्यालाच आंघोळ म्हणायचा. यात बाळंतिणीचं न्हाणं, पोराचं न्हाणं, दुपटी, लंगोट कुठं बसवायचे? तिनं शेजारच्या सुनेकडून लिहून घेतलं की इथं पाण्याची लई ओढ हाय, तू तिकडंच बाळंत हो.

पत्र टाकून घरी येईपर्यंतच तिला कळलं होतं की हे लिहायचं नव्हतं. पण पेटीत पडलेलं पत्र काही हात घालून काढता येत नाही. मुलगा झाल्याचं कार्ड आलं ते जावयाच्या अक्षरात. लेक सातवी शिकलेली होती, शाईचा दुष्काळ महूला नव्हता, तरी तिच्या हातची एक ओळ त्यात नव्हती. पुढंही आली नाही.

तेव्हा सरजाबाई महूला निघाली ती नातू बघायला, असं सगळ्यांना सांगून. खरं तिला एवढंच बघायचं होतं की लेक आपल्याशी बोलते का, आणि माहेराचं नाव पुन्हा काढते का.

जायचं ठरल्यावर तिनं पहिलं काम केलं ते पाण्याचं. आडतीतून करडीच्या तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आणला, राखेनं घासला, तरी वास गेला नाही. टँकरचं पाणी रोज दोन दोन तांबे बाजूला टाकून तो भरला. एसटीत सांडू नये म्हणून पत्रेवाल्याकडून झाकणाला कथलाचा डाग देऊन घेतला. ग्यानोबानं विचारलं, महूला पाणी नाही का? ती म्हणाली, असंल. पण लेकीला पाणी न्हाई म्हणून कळवलं, आता तिच्या घरचं कोणत्या तोंडानं पिऊ? ग्यानोबानं डबा उचलून एसटी स्टँडपर्यंत पोचवला. आयुष्यभर त्याला ओझं कळायचं, बोलणं कमी कळायचं.

एसटी अहमदपूर, लोहा करत नांदेडला आली. लोह्याला कंडक्टरनं डब्यावर चप्पल ठेवली तेव्हा सरजाबाईनं ती उचलून त्याच्या हातात दिली. रात्र नांदेडच्या फलाटावर काढून सकाळी तिनं अजमेरकडं जाणारी छोट्या रुळाची गाडी धरली. त्या गाडीत उमरीहून चढलेली विहीण कोंडाबाई, म्हणजे साहेबरावची आई, खिडकी धरून बसली होती. बाळंतपणाच्या वेळी तिच्या घरी धाकट्याचं लग्न होतं, म्हणून तीही आताच निघाली होती. रेल्वेच्या माणसाच्या आईला पास मिळतो, सासूला मिळत नाही. सरजाबाईला तिकीट काढावं लागलं, आणि पूर्णा येईपर्यंत कोंडाबाईनं ते काढल्याचं दोनदा विचारून घेतलं.

मग तिची नजर डब्यावर गेली. डाग दिलेलं झाकण तिनं बोटानं चाचपलं, डबा हलवून बघितला, तो हलला नाही.

"तूप?" तिनं विचारलं. आणि उत्तराची वाट न बघता समोरच्या बाकड्याला सांगून टाकलं, "आमच्या विहीणबाईंनी बाळंतिणीसाठी डबाभर तूप आणलंय बघा. वाटेत कुणाची नजर लागू नये म्हणून तोंडच बंद करून आणलं."

समोरच्या बाकड्यानं डब्याकडं बघितलं. एक म्हातारी म्हणाली, दुष्काळात असं करणारी माय आजकाल कुठं असते. सरजाबाईनं खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण गेल्या दोन महिन्यांत तिच्याबद्दल कुणी इतकं चांगलं बोललं नव्हतं. तिनं तोंड मिटलं आणि डबा पायानं बाकाखाली सरकवला.

पूर्णेला इंजिन पाणी प्यायला थांबलं. वरून कातड्याचा जाड पाइप इंजिनात सोडला होता आणि निम्मं पाणी बाहेर रुळावर सांडत होतं. सरजाबाई कधी खाली उतरली ते तिचं तिलाही कळलं नाही. तांब्या लावून ती पाइपाखाली उभी राहिली. तांब्या भरला, तो तिनं पदराआड धरला, आणि आता काय करायचं हे न सुचून तशीच उभी राहिली. शिट्टी झाली. कोंडाबाईनं खिडकीतून हात घालून तिच्या पदराला धरलं तेव्हा ती चढली. गाडी हलल्यावर कोंडाबाई म्हणाली, "बहात्तरला आम्ही बायांनी उमरीला इंजिनाचंच पाणी भरलंय. ड्रायव्हर लई देवमाणूस. कोमट सोडायचा, न्हायला." मग दोघींनी तो तांब्या वाटून प्यायला. पाण्याला कोळशाचा वास होता. कोंडाबाईनं तिकिटाचा विषय त्यानंतर काढला नाही.

हिंगोली गेलं, वाशिम गेलं. बाहेर नांगरून ठेवलेली काळी रानं भेगाळून पडली होती. अकोल्याला एक शाळामास्तर चढले. त्यांना ही वाट फार आवडायची आणि ती दुसऱ्यांना आवडलीच पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. पुढं सातपुडा आहे, म्हणाले, खिडकी सोडू नका. कोंडाबाईला खिडकी सोडायची नव्हतीच. सरजाबाई टाचांनी डबा धरून बसली होती. अकोटच्या अलीकडं पूल आला तेव्हा तिनं मान उंच करून बघितलं. खाली वाळू होती आणि वाळूत खड्डा करून एक बाई वाटीवाटीनं पाणी काढत होती. सरजाबाईला बरं वाटलं. मग असं बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

संध्याकाळच्या उन्हात गाडी धूळघाटाच्या डोंगराला लागली. सागाला पान नव्हतं, पळस वाळून गेला होता, डोंगर नुसते हाडकुळे उभे होते. गाडीनं डोंगराला पुरा वेढा घातला आणि मास्तर ओरडून म्हणाले की खाली बघा, मघाचा आपलाच रूळ. सगळी बोगी एका बाजूला झाली. खाली खरंच रूळ होता, ज्यावरून ते थोड्या वेळापूर्वी आले होते.

"एवढं फिरून आलो तिथंच की," सरजाबाई म्हणाली.

"उंच आलोत ना पण," मास्तर म्हणाले. ते जरा दुखावले होते. खंडव्याला उतरताना त्यांनी डब्याकडं बघून विचारलं, म्हशीचं का गाईचं? कोंडाबाईनंच म्हशीचं म्हणून सांगितलं.

उजाडता उजाडता नर्मदा आली. कोंडाबाई तोंडावर पदर घेऊन झोपली होती, त्यामुळं खिडकी पहिल्यांदाच सरजाबाईला मिळाली. पुलाचा आवाज बदलला म्हणून तिनं बघितलं, तर खाली या काठापासून त्या काठापर्यंत पाणी. वैशाखातलं. त्यात एक नाव, दोन म्हशी, आणि घाटावर एक माणूस तांब्यावर तांबे स्वतःच्या डोक्यावर ओतत होता. एवढं पाणी, आणि कुणी रांगेत नाही. सरजाबाई पूल संपेपर्यंत बघत राहिली. मग तिनं खाली वाकून डब्याला हात लावला. काल सकाळपासून तो तिला जड वाटला नव्हता. आता वाटला. रोज दोन दोन तांबे बाजूला टाकून भरलेला डबा ती नर्मदेवरून नेत होती, हे कुणाला सांगितलं असतं तर त्यानं तिला इथंच उतरवलं असतं.

कलाकुंडला घाट चढवायला मागून दुसरं इंजिन जोडलं. पळसाच्या पानात कलाकंद विकत होते. कोंडाबाईनं एक पान घेतलं, निम्मं विहिणीला दिलं, आणि म्हणाली की लाडू तिथं गेल्यावर आपण दोघी मिळून बांधू. मेथ्या मी आणल्यात, डिंक मी आणलाय, तूप तुमचं हाय. गाडी बोगद्यात शिरली. काळोख झाला, धूर आत आला, दोन इंजिनांचा आवाज भिंतींवर आपटू लागला. त्या काळोखात सरजाबाईनं सांगून टाकलं, "तूप न्हाई त्यात. पाणी हाय." ते तिचं तिलाच ऐकू आलं नाही. बोगदा संपला तेव्हा कोंडाबाई बोटाला लागलेला कलाकंद चाटत होती. पाताळपाणीचा धबधबा मास्तरांनी सांगून ठेवला होता. तिथं काळ्या कड्यावर एक पांढरा ओघळ वाळून चिकटला होता, बाकी काही नाही. कोंडाबाई म्हणाली, हा आपल्याकडचाच दिसतो.

महूला साहेबराव स्टेशनावर आला होता. क्वार्टर एक खोलीचं, पुढं अंगण, अंगणात नळ. यशोधरेनं दारातून दोघींना जयभीम केला. सासूला म्हणाली, आत्या, बसा, दमला असाल. आईला म्हणाली, बस. पोरगं आणून तिनं सासूच्या मांडीवर ठेवलं. सरजाबाईनं त्याला लांबूनच बघितलं. नाक ग्यानोबावर गेलं होतं. हे सांगावं असं तिला वाटलं, पण विचारलं कुणी नव्हतं.

चहा झाल्यावर कोंडाबाईनं लेकाला छिन्नी आणायला सांगितली. सरजाबाई म्हणाली, राहू द्या, नंतर. कोंडाबाई म्हणाली, नंतर कशाला, दोन दिवसांचा हलून आलाय, बिघडंल. साहेबरावनं झाकणाच्या कडेला छिन्नी लावून एक ठोका मारला. फटीतून पाणी उडालं आणि त्याच्या सदऱ्यावर पडलं. त्यानं दुसरा ठोका मारला नाही.

कोंडाबाईनं फटीला बोट लावलं, वास घेतला, जिभेला लावलं.

"पाणीच की," ती म्हणाली.

यशोधरा दारात उभी होती. ती डब्याकडं बघत होती, आईकडं नाही.

"म्हणजे पाणी होतं," ती म्हणाली.

सरजाबाईनं वाटेत हजार गोष्टींचा विचार केला होता, हिचा केला नव्हता. तिनं डब्याच्या फटीवर तळहात ठेवला.

"न्हवतं," ती म्हणाली. "हे माझ्या पिण्याचं हाय, माय. तुला पाणी न्हाई म्हणलं, तर तुझ्या घरचं कशी वापरू? म्हणून माझं मी आणलं."

यशोधरा आत निघून गेली. साहेबराव सदरा वाळत घालायला गेला, तो बराच वेळ घालत राहिला. कोंडाबाई पोराला मांडीवर हलवत म्हणाली, गाडीतल्या लोकांना मी म्हशीचं म्हणून सांगितलं. एवढ्यावर थांबणं तिच्या मानानं पुष्कळ होतं.

त्यानंतर झाकण उचकटून सरजाबाई आपल्या डब्यातलंच पाणी वापरत राहिली. तांब्याभर पाण्यात तोंड धुवायची, दोन तांब्यात अंग धुवायची, प्यायलाही तेच. बाजूला नळ असायचा आणि तो नीट बंद होत नसल्यानं ठिबकत असायचा. सरजाबाईनं आल्या दिवशीच त्याखाली पातेलं लावलं आणि भरलं की ते यशोधरेच्या पिंपात ओतलं, स्वतः घेतलं नाही. यशोधरा खोलीच्या खिडकीतून बघायची. जेवायला वाढायची, हवं नको विचारायची, आणि त्यापुढं बोलायची नाही. कोंडाबाईनं एकदा मध्ये पडून बघितलं. सुनेला म्हणाली, तुझी माय येडी हाय, पण इतक्या वाकड्या वाटांनी पाणी आणणारी येडी मी दुसरी बघितली न्हाई. सुनेनं ऐकून घेतलं.

मग एके सकाळी यशोधरा अंगणात आली ती पोराला घेऊन. तिनं पाट टाकला, तेलाची वाटी ठेवली, आणि पोरगं आईच्या हातात दिलं.

"याला न्हाऊ घाल," ती म्हणाली. "इथल्या बाईचा हात बसत न्हाई त्याला. रडतो."

सरजाबाई पाटावर बसली. लुगडं गुडघ्यापर्यंत सारून तिनं पाय लांब केले आणि पोराला पायांवर पालथं घातलं. तोवर यशोधरेनं अंगणातल्या चुलीवर पातेलं चढवलं होतं. सरजाबाई सवयीनं नळाकडं बघून म्हणाली, नळाचं पुरंल ना? यशोधरेनं आईचा पाण्याचा डबा दोन्ही हातांनी उचलला आणि पातेल्यात उलटा केला. शेवटचा थेंब गळेपर्यंत धरून ठेवला.

"आगं," सरजाबाई म्हणाली, "मग मी काय पिऊ?"

"बघू," यशोधरा म्हणाली.

पोरगं न्हालं. आधी रडलं, मग पाठीवर कोमट धार पडायला लागल्यावर गप झालं, आणि आजीच्या घोट्यावर गाल टेकून पडून राहिलं. सगळ्या अंगणात करडीच्या तेलाचा वास सुटला. कोंडाबाई दारातून म्हणाली, पोराला फोडणी दिली का काय. यशोधरा हसली. आल्यापासून पहिल्यांदा. हसतानाच तिनं पोराला दुपट्यात घेतलं, कोंडाबाईकडं दिलं, आणि रिकामा डबा भिंतीवर पालथा घातला.

मग ती नळावर गेली, गिलास भरला आणि आईसमोर धरला.

"घे."

सरजाबाईनं गिलास घेतला नाही लगेच. हात ओले होते, ते तिनं लुगड्याला पुसले.

"श्रावणात येते मी," यशोधरा म्हणाली. "पाऊस पडो न पडो. माझं पाणी मी घेऊन येईन."

हा टोमणा होता का काय होतं, हे सरजाबाईला कळलं नाही. गल्लीची रीत तर तशीच होती. ती म्हणाली, "तांब्याभर आण. जास्त नको. एसटीत सांडतं."

आणि ती पाणी प्याली. त्याला करडीचा वास नव्हता, कोळशाचा नव्हता, त्यामुळं तिला ते जरा अळणीच लागलं. तसं ती बोलली नाही. रिकामा गिलास तिनं पुन्हा पुढं केला.