तपासणीची तालीम

आमच्या कारखान्यात सगळ्यात झोकदार साहेब कोण, तर माझी वहिनी. तपासणी जवळ आली की ती कारकुनाचा चष्मा नाकावर चढवायची, रिकामी फाईल काखेत मारायची आणि जेवणघरातल्या कोपऱ्यातल्या टेबलामागे अशी बसायची, की जन्म सगळा खुर्चीतच गेला असावा. त्या चष्म्यातून तिला काही म्हणजे काही दिसत नसे. ती म्हणायची, "खऱ्या साहेबाला तरी काय दिसतं?"

आम्ही बायका एकेक करून तिच्यापुढे जायचो.

"मास्क मिळतो का?"

"रोज नवा मिळतो, साहेब."

"कुणी ओरडतं, धमकावतं?"

"नाही साहेब, घरच्यासारखं आहे."

"काही त्रास?"

"नाही साहेब, काही त्रास नाही."

उत्तर लांबलं की ती चष्म्यावरून डोळे वटारायची. "भाषण नको. विचारलं तेवढंच. जास्त बोलणारीच पकडली जाते." मग माझ्याकडे वळून, "हे खास आमच्या मैनेसाठी." सगळ्या फिदीफिदी हसायच्या. मैना हे माझं घरातलं नाव. लहानपणापासून तोंडाला कुलूप नाही म्हणून पडलेलं. वहिनी कारखान्यात सुपरवायझर झाली आणि तिनं ते नाव इथं आणून फुकटात वाटून टाकलं.

बूट आम्ही बनवतो, नाव मोठ्या कंपनीचं लागतं. ती कंपनी दूर कुठंतरी आहे, तिची दुकानं म्हणे नुसती काचेची आहेत. तिथल्या गिऱ्हाइकांना हल्ली बूट पायात घालण्याआधी तो कुणी बनवला, कसा बनवला, बनवणाऱ्याला काही झालं तर नाही ना, हे विचारावंसं वाटतं. चांगलंच आहे की. गिऱ्हाइकांसाठी कंपनीनं नियम केले, नियमांसाठी साहेब नेमला, आणि साहेबासाठी मालकानं वहिनीला कारकुनाचा चष्मा दिला.

मी तळ चिकटवायच्या खोलीत. तिला सगळे चिकटखोली म्हणतात. बुटाच्या तळाला ब्रशनं सोल्युशन लावायचं, कोपऱ्यात ब्रश पोचत नाही तिथं बोटानं सारवायचं, जरा सुकू द्यायचं आणि वरच्या भागावर दाबून बसवायचं. खिडक्या बंद, कारण उघडल्या तर ओल्या सोल्युशनवर धूळ बसते. सोल्युशनचे डबे दोन जातींचे. एक कंपनीनं ठरवून दिलेला, महागाचा. तो दाराजवळच्या फळीवर ओळीनं मांडलेला असतो आणि त्याची झाकणं कधी उघडत नाहीत. दुसरा रोजचा, डोकं भणभणायला लावणारा. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, आणखी काय.

मालकाला विचारलं तर तो हात जोडायचा. "बाई, कंपनी दर साली भाव खाली ओढते आणि डबा वरचा मागते. दोन्ही कुठून आणू?" खोटं बोलत नव्हता. म्हणून जास्तच राग यायचा. ज्याला शिव्या घालाव्यात असा एक माणूससुद्धा धड सापडू नये, म्हणजे काय.

त्या मांडलेल्या डब्यांच्या वर भिंतीवर मोठा फलक आहे. "मास्क लावा. खिडक्या उघड्या ठेवा. तुमचे आरोग्य हीच आमची संपत्ती." तो मी रंगवलाय. माझं अक्षर म्हणजे मोत्याचा दाणा, हे मी नाही म्हणत, शाळेच्या मोठ्या बाई म्हणायच्या. फळ्यावरचा सुविचार रोज माझ्याकडूनच लिहून घ्यायच्या. तर बंद खिडकीखाली स्टुलावर चढून मी "खिडक्या उघड्या ठेवा" लिहिलं, शेवटच्या ओळीला सुरेख वळण दिलं, आणि खाली उतरून स्वतःवरच खूश झाले.

पुढं बोटांना मुंग्या यायला लागल्या. झटकल्या की जायच्या. मग झटकूनही जाईनात. मग एक दिवस मुंग्या थांबल्या आणि मला वाटलं, चला, बरं झालं. बरं झालं नव्हतं. मुंग्यांच्या मागोमाग बोटंही गेली होती. भाचीच्या फ्रॉकची बटणं लावताना ती म्हणाली, "आत्या, बघून लाव ना." मी बघूनच लावत होते.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सुई टोचली, मला कळली नाही. डोळे मिटून उभी राहा म्हणाल्या, मी कलले. त्यांनी आधी विचारलं, काम काय करतेस, आणि ऐकून पेन खाली ठेवलं. "ती खोली सोड. नाहीतर हातांचं झालं तेच पायांचं होईल." तळपायांना तेव्हा नुकत्याच मुंग्या सुरू झाल्या होत्या. हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

घरी आल्यावर वहिनीला म्हटलं, "मला दुसऱ्या खोलीत टाक."

"टाकीन गं. पण तुझ्या जागी कुणाला बसवू? जिला बसवीन तीही कुणाची तरी नणंदच असेल ना?"

"मग यंदा मी साहेबाला सगळं सांगणार."

तिनं भाकरी थापणं थांबवलं नाही. "पलीकडच्या बॅगवाल्यांकडं सांगितलं होतं बायकांनी. पंखे आले? नवे डबे आले? कंपनीनं जाहीर केलं, असल्या लोकांशी आम्ही संबंध ठेवत नाही, आणि काम उचलून नेलं भलतीकडं. फाटकाला कुलूप आहे अजून. मैने, त्यांना घाण काढायची नसते. त्यांना घाणीपासून लांब उभं राहायचं असतं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुझा दादा तिथं, मी तिथं, तू तिथं. तिघांची चूल एकाच फाटकात. उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला करतेस? शब्द दे, तोंड उघडणार नाहीस."

मी दिला. तिला नाही म्हणणं मला कधी जमलंच नाही. आई गेली तेव्हा मी शाळेत होते आणि वहिनी नवी नवरी. माझे केस विंचरायला तिलाच बसावं लागलं. बदल्यात मी तिला अक्षरं शिकवली. लग्नाच्या कागदावर तिनं अंगठा उठवला होता आणि तो पदराखाली लपवून बसली होती. मी तिचा हात माझ्या हातात धरून पाटीवर तिचं नाव गिरवून घेतलं, रोज, ती रडकुंडीला येईपर्यंत. पहिल्यांदा सही जमली तेव्हा तिनं ती घरभर केली. पिठाच्या डब्यावर, आरशावर, माझ्या दंडावर. त्या सहीच्या जोरावर ती पुढं सुपरवायझर झाली.

शब्द मी तोंडाचा दिला होता, हाताचा नाही. हे मला दोन-चार दिवसांनी सुचलं आणि मी अंथरुणात एकटीच हसले. साहेब प्रत्येकीशी बोलून झाल्यावर एक कागद पुढं करतो, "मी कुणाच्या दबावाखाली बोलले नाही" असा. त्यावर सही लागते. आणि माझ्या हातात आता पेन ठरत नव्हतं. मी एक चकार शब्द काढणार नव्हते. साहेब नुसता बघेल. तक्रार केली तर ती तक्रार, पण त्याला आपणहून दिसलं तर ती त्याची हुशारी. आणि आपल्या हुशारीनं सापडलेली गोष्ट कुणी टाकून पळत नाही. निदान विचारील तरी, बाई, हाताला काय झालं? एवढंच मला हवं होतं. त्यानं विचारावं. विचारलं तर ते डबे उघडतील, खिडक्या उघडतील, माझे पाय वाचतील.

शेवटच्या तालमीला मी वहिनीपुढं बसले. सगळी उत्तरं घडाघडा म्हटली. "शाब्बास मैने," ती म्हणाली आणि साहेबी आवाजात, "आता इथं सही करा." पेन माझ्या बोटांतून सुटलं, टेबलावरून घरंगळलं आणि तिच्या मांडीवर पडलं. मी पुन्हा घेतलं. पुन्हा सुटलं. मागं कुणीतरी हसलं. वहिनीनं चष्मा काढला आणि माझ्या हाताकडं बघत राहिली. मग माझ्याकडं बघितलं. तिला कळलं, मी काय करणार आहे ते. आमच्यात तेवढं कळतं. पेन उचलून तिनं फाईलमध्ये ठेवलं आणि पुढचीला हाक मारली. मला वाटलं, तिनं होकार दिला. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

तपासणीच्या दिवशी चिकटखोली ओळखू येईना. खिडक्या सताड उघड्या, पंखे चालू, रोजचे डबे कुठं गायब झाले देव जाणे. साहेब पोरगेलासा होता, मऊ बोलायचा, आत येताना बुटाला माती लागली म्हणून त्यानं आमचीच माफी मागितली. असल्या माणसाला फसवताना जिवावर येतं. त्यानं फलकासमोर उभं राहून फोटो काढला.

माझी पाळी आली. जेवणघरातलं तेच कोपऱ्यातलं टेबल. त्यानं विचारलं, मी सांगितलं. मास्क रोज नवा, घरच्यासारखं, काही त्रास नाही. पोपटपंची चालू होती आणि माझं सगळं लक्ष मात्र त्या कागदाकडं. शेवटी त्यानं तो पुढं सरकवला. मी पेन उचलायला हात लांब केला.

टेबलावर पेन नव्हतं. शाईचं पॅड होतं, झाकण काढून ठेवलेलं.

"तुमच्या सुपरवायझर बाईंनी सकाळीच सांगून ठेवलं," साहेब हळूच म्हणाला, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं. "तुम्हाला लिहायला येत नाही ना? असू दे. त्यात लाजायचं काही नाही. अंगठा चालतो."

मी दाराकडं बघितलं. वहिनी बाहेर पाठ करून उभी होती. तिची पाठ मी हजार पाठींत ओळखीन, तिच्या मागं लपतच तर मोठी झाले.

"साहेब," मी म्हटलं, "तो भिंतीवरचा फलक आहे ना, तो मी..."

"वाचून दाखवला तुम्हाला कुणीतरी? छान!" त्याचा चेहरा उजळला. "फारच चांगला आहे. अशा गोष्टींनीच फरक पडतो."

मग त्यानं माझा हात आपल्या हातात घेतला, अगदी जपून, आणि अंगठा पॅडवर दाबला, मग कागदावर. मला दिसत होतं तो दाबतोय ते. कळत काहीच नव्हतं. इतक्या जवळून, इतका वेळ, माझा हात दुसऱ्या कुणीच हातात घेतला नसेल, आणि तरी त्या भल्या माणसाला काही दिसलं नाही. ओरडावंसं वाटलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, ओरडणार कुणाच्या नावानं? मी उठले. पाय खाली नीट पडतोय की नाही हे बघत बघत दारापर्यंत गेले.

तपासणी उत्तम झाली. मालकानं सगळ्यांना जमवून सांगितलं, कंपनी खूश आहे, पुढच्या हंगामाला काम वाढणार. दादा घरी येताना भाचीला नवी वही घेऊन आला. दुपारीच रोजचे डबे परत आले होते आणि खिडक्या लागल्या होत्या.

संध्याकाळी मी मोरीपाशी बसले होते. अंगठा निळा तो निळाच. वहिनी आली, समोर उकिडवी बसली आणि माझा हात ओढून घेतला. साबण लावला. जाईना तेव्हा काथ्या घेतला. एकदा मी तिच्या अंगठ्याची शाई अशीच घासून काढली होती, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. तिला ते आठवत असणार. ती खाली मान घालून घासत होती, जोरजोरात, जशी करपलेली कढई घासावी. नखाच्या कडेची कातडी सोलली आणि निळ्या पाण्यात लाल उतरलं. तिनं ते बघितलं आणि तिचा हात थांबला. गालांवरून पाणी ओघळत होतं, ते तिनं पुसलंही नाही.

"मैने, दुखतंय का गं?"

मी तिच्याकडं बघितलं. तिच्याच तालमीतलं उत्तर तोंडात तयार होतं, आणि या वेळी ते खरंही होतं.

"नाही साहेब," मी म्हटलं. "काही त्रास नाही."