मी बद्द वाजलो

मी एक जुना सूपाचा वाडगा आहे, फ्रान्समधल्या लिमोजच्या पांढऱ्या मातीचा, दोन कानांचा. मित्रांनो, माझी हकिगत गोड नाही. मला एका माणसावर सूड उगवायचा होता आणि तो मी उगवला.

भट्टीतून निघालो तेव्हा एका कारागीर बाईने माझ्या काठावरचं सोनं अकीकाच्या दगडाने घासून चकाकवलं. मग चार पिढ्या एकाच घरात दर रविवारी मी कोबीचं सूप सांभाळलं. शेवटची मालकीण मादाम ओर्तांस. तिला मी पाळण्यात पाहिलं होतं. जेवणं झाली की ती मला बोटांवर तोलून टिचकी मारायची आणि मी खणखणीत वाजायचो. "बघा, म्हातारा अजून गातोय!" असं ती पाहुण्यांना सांगायची. त्या कौतुकाची मला चटकच लागली होती.

तिचा नवरा गेला, घर सोडायची वेळ आली. तेव्हा जुन्या वस्तूंचा व्यापारी बार्दू आला. त्याने मला तळहातात घट्ट दाबून धरलं आणि टिचकी मारली. असं धरल्यावर धडधाकट भांडंही वाजत नाही, हे त्या लबाडाला पक्कं ठाऊक होतं.

"ऐकलंत, मादाम? बद्द! आत तडा आहे."

"अहो, परवापर्यंत तर वाजत होता."

"परवापर्यंत आपणही तरुण होतो, मादाम."

ती ओशाळली आणि तिने मला फुकटात देऊन टाकलं. माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

जानेवारीचा गारठा होता. बार्दूने मला उघड्या गाडीतून बाजारात नेलं आणि मळ घालवायला उकळतं पाणी ओतलं. एरवी मी अंग आवरून सोसलं असतं. या वेळी नाही सोसलं. तडा हवा होता ना तुला? घे! कानापासून तळापर्यंत केसाएवढी चीर मी जाऊ दिली. बार्दूला ती दिसलीही नाही.

पॅरिसहून एक संग्राहक बाई आल्या होत्या. "वाजवून बघा, देवळातली घंटा आहे!" बार्दू म्हणाला. बाईंनी मला बोटांवर तोललं, टिचकी मारली. बद्द.

"मुस्यू, फुटकी भांडी विकता होय?"

आजूबाजूचे व्यापारी खो खो हसले. बार्दूचं पडलेलं तोंड पाहून मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

तेवढ्यात गर्दीतून मादाम ओर्तांस पुढे आली. तिने टिचकी मारली. पुन्हा मारली. मग बार्दूकडे वळली.

"माफ करा हं, मुस्यू. तडा खराच होता. मागाहून संशय येऊन मी तुम्हाला गावभर चोर म्हणत फिरले."

बार्दूने टोपी काढली. "चालायचंच, मादाम."

मित्रांनो, जुनं भांडं दाबून धरू नका, बोटांवर तोलून ऐका. खरं सांगायला आमच्याकडे तेवढा एकच आवाज असतो. माझा मी रागाच्या भरात त्या चोराला देऊन बसलो.